भाड्याचें घर व त्याची डागडुजी : शास्त्र, जमाखर्च व कायदा

जुन्या कागदांचा रुमाल सोडला म्हणजे संग्राहकाची दृष्टि प्रथम सनदेकडे, महजराकडे किंवा निवाडपत्राकडे वळते. त्याच रुमालांत कौलें, चुना, वासे, खिळे व गवंड्याची मजुरी यांची चार ओळींची याद निघाली, तर ती बहुधा बाजूस पडते. राजकारणाच्या दृष्टीनें तिचें मोल थोडें खरें. परंतु मनुष्य ज्या छपराखालीं राहतो त्या छपराचा इतिहास पाहावयाचा तर तिच्यावांचून दुसरें साधन नाहीं. त्यांतही घर भाड्याचें असेल तर ती याद विशेष बोलकी होते. घर एकाचें, राहणारा दुसरा, आणि पाऊस दोघांच्याही डोक्यावर पडणारा. मग गळतें छप्पर कोणी शाकारावें व त्याचा पैसा कोणी द्यावा, हा वाद फार जुना आहे. धर्मशास्त्रानें त्यास एक उत्तर दिलें, इंग्रजी अमदानींतील कायद्यानें दुसरें दिलें, आणि मुंबई प्रांतांतील भाडेनियंत्रणानें तिसरें. या तीन उत्तरांचा मेळ कोठें बसतो व कोठें तुटतो, हें प्रस्तुत लेखांत यथामति दाखविण्याचें योजिलें आहे. तो मेळ जेथें तुटला तेथें मुंबईंत घरें माणसांसह खालीं आलीं, म्हणून हा विषय केवळ कुतूहलाचा नव्हे.

१. शब्दविचार

मराठी ‘भाडें’ हा शब्द संस्कृत ‘भाटक’ या शब्दावरून आला आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत त्याच अर्थीं ‘अवक्रय’ हा शब्द योजिला आहे, आणि नारदस्मृतींत परक्याच्या भूमीवर घर बांधून राहणाराने द्यावयाच्या मोबदल्यास ‘स्तोम’ म्हटलें आहे. तीन ग्रंथपरंपरांत तीन शब्द सांपडतात, त्या अर्थीं हा व्यवहार आपल्या देशीं जुना व सार्वत्रिक होता यांत संशय नाहीं.

दुरुस्तीच्या शब्दांतही पायऱ्या आहेत. ‘शाकारणी’ म्हणजे पावसाळ्यापूर्वीं छप्पर नीट करणें. हें काम दरसालचें. ‘डागडुजी’ म्हणजे प्रसंगानुसार केलेलें किरकोळ काम : भिंतीचा पोपडा, दाराची बिजागरी, पन्हाळीचा जोड. ‘दुरुस्ती’ व ‘मरामत’ हे अनुक्रमें फारसी व अरबी वळणाचे शब्द दफ्तरांतून भाषेंत रुळले व मोठ्या कामासही लागूं लागले. ‘जीर्णोद्धार’ हा शब्द मात्र देवालय, विहीर, तळें व धर्मशाळा यांजकडे राहिला. विष्णुस्मृतींत कूप, उद्यान, तडाग व देवायतन यांचा पुनःसंस्कार करणारास मूळ बांधणाराइतकेंच फल सांगितलें आहे. भाड्याच्या खोलीची भिंत सावरणारास असें कोणतेंही पुण्य कोणी सांगितलेलें नाहीं. देवळाच्या दुरुस्तीस श्रद्धा पैसा पुरविते. भाड्याच्या घराच्या दुरुस्तीस भाड्याखेरीज दुसरा झरा नाहीं. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी, कारण पुढील सर्व विवेचन तिच्यावरच उभें आहे.

आणखी दोन शब्द सांगणें अवश्य आहे. ‘इमला’ म्हणजे जमिनीवेगळें केवळ बांधकाम, आणि ‘भुईभाडें’ म्हणजे केवळ जागेचें भाडें. जेथें जागा एकाची व इमला दुसऱ्याचा, तेथें दुरुस्तीचा भार इमलेवाल्यावर पडतो व जागामालक केवळ भुईभाड्याचा धनी राहतो. म्हणून एखाद्या कागदांत ‘भाडें’ एवढाच शब्द आला असतां तें घराचें कीं भुईचें, हें ठरविल्याशिवाय त्या कागदावरून दुरुस्तीविषयीं कांहींही अनुमान काढूं नये.

२. शास्त्रकारांचा निर्णय

अर्थशास्त्राची पोथी आर. शामशास्त्री यांच्या हातीं १९०५ सालीं आली व ग्रंथ १९०९ मध्यें म्हैसूर येथें छापून निघाला. त्याच्या तिसऱ्या अधिकरणांत घरांविषयीं स्वतंत्र अध्याय आहे. त्यांत शेजाऱ्याच्या भिंतीपासून किती अंतर सोडावें, पाण्याची वाट कशी काढावी, येथपासून भाडेकऱ्यापर्यंत विचार केलेला आढळतो. मालकानें नको म्हटल्यावरही राहणारा भाडेकरी आणि भाडें देणाऱ्या भाडेकऱ्यास घालवून देणारा मालक, या दोघांसही बारा पण असा सारखाच दंड सांगितला आहे. शिवीगाळ अथवा मारहाण, चोरी, बळजबरी, परस्त्रीग्रहण व खोटा भोग हे अपवाद मात्र मालकाच्या बाजूनें ठेवले आहेत. भाडेकरी आपण होऊन निघून गेला तर त्यानें वर्षाचें उरलेलें भाडें द्यावें, असाही नियम आहे. सामाईक घराच्या कामीं साहाय्य न करणारासही बारा पणांचाच दंड आहे. एका छपराखालीं राहणारांनीं त्या छपरासाठीं हात लावलाच पाहिजे, हें तत्त्व येथें स्पष्ट दिसतें.

परंतु दुरुस्तीच्या खर्चाविषयीं खरा निर्णायक नियम त्याच्या पुढील अध्यायांत, बंधारे व तळीं यांच्या प्रकरणांत, आहे. बंधारा विकत घेऊन, भाड्यानें, गहाणानें अथवा वांट्यानें जो कोणी उपभोगीत असेल त्यानें त्याची दुरुस्ती करावी. न केल्यास झालेल्या हानीच्या दुप्पट दंड द्यावा. उपभोग ज्याचा, दुरुस्ती त्याची, असा हा न्याय आहे. त्याच प्रकरणांत असेंही सांगितलें आहे कीं, आपत्तीवांचून पांच वर्षें ज्या बंधाऱ्याचें काम बंद पडलें असेल त्यावरील स्वामित्व नष्ट होतें. म्हणजे उपभोक्ता चुकला तर दंड, आणि स्वामी चुकला तर स्वामित्वच गेलें. राजा मात्र केवळ दंड करून थांबत नाहीं : नवें तळें अथवा बंधारा करणारास पांच वर्षें व मोडून टाकलेला पुन्हा उभारणारास चार वर्षें करमाफी त्यानें द्यावी, अशी योजना आहे. नव्या कामाच्या व दुरुस्तीच्या सवलतींत अंतर केवळ एका वर्षाचें, इतकें मोल त्या काळीं दुरुस्तीस दिलें जात होतें. हा नियम बंधाऱ्याचा आहे, घराचा नव्हे, हें खरें. तथापि भाड्यानें घेतलेल्या स्थावराच्या दुरुस्तीविषयीं शास्त्रकारांची बुद्धि कोणत्या दिशेनें चालत होती, हें त्यावरून स्वच्छ कळतें.

नारदानें दुसरी बाजू मांडली आहे. परक्याच्या भूमीवर घर बांधून व त्याबद्दल स्तोम देऊन जो राहतो, त्यानें निघतेवेळीं आपलें गवत, लांकूड व विटा घेऊन जावें. स्तोम न देतां राहिला असेल तर त्यानें कशासही हात लावूं नये. भाडें देणाऱ्याचा खर्च त्याचाच राहतो, फुकट राहणाऱ्याचा खर्च भूमीस मिळतो, असा याचा इत्यर्थ.

तिसरें वचन याज्ञवल्क्याचें, आधीच्या म्हणजे गहाणाच्या प्रकरणांतील. गहाण ठेवलेली वस्तु नासली किंवा गेली तर धनकोनें ती भरून द्यावी; दैवानें किंवा राजानें केलेला नाश तेवढा वगळावा. आमच्या मराठी कागदांतील ‘अस्मानी-सुलतानी’ ही जोडी वाचकांच्या परिचयाची आहे. अस्मानी म्हणजे दैव व सुलतानी म्हणजे राजा. स्मृतिकारांचीच ही विभागणी फारसी पेहरावांत दफ्तरांत वावरत होती असें म्हणण्यास हरकत नाहीं. ज्या कबुलायतींत ‘अस्मानी-सुलतानी खेरीज’ अशी ओळ असेल, तेथें वीज, आग, पूर व परचक्र यांनीं झालेली मोडतोड एका बाजूस व नित्याची झीज दुसऱ्या बाजूस, असा भेद करणाराच्या मनांत होता हें ओळखावें.

३. जमाखर्चाच्या कागदांचें वाचन

आतां प्रत्यक्ष कागदांकडे वळूं. दुरुस्तीची याद वाचतांना चार गोष्टी पाहाव्या.

पहिली गोष्ट सालाची. शाकारणी वैशाख-ज्येष्ठांत होते. सुहूर व फसली सन मृगास, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्याच्या सुमारास बदलतो. यामुळें एकाच उन्हाळ्यांतील काम, थोडें लांबलें कीं, दोन सनांत विभागून पडतें. एका सनांत दोन शाकारण्या व पुढच्या सनांत एकही नाहीं, असा भासही होतो. त्यावरून मालकानें एक साल हयगय केली असें लिहिणें चुकीचें ठरेल. व्यापाऱ्याच्या वह्या दिवाळीच्या पाडव्यास नव्या होतात, म्हणून तेथें उन्हाळी काम सालाच्या मध्यास येतें. इंग्रजी सरकारी वर्ष एप्रिलपासून चालतें, तेथें तें आरंभींच सांपडतें. सनाची पद्धत पाहिल्याशिवाय दोन वह्यांची तुलना करूं नये.

दुसरी गोष्ट सामानाची. सामान हें काळाची साक्ष देतें. नळीचीं कौलें कुंभाराकडून येत; मंगळुरी कौलांचा पहिला कारखाना बाझल मिशननें मंगळूर येथें १८६५ सालीं काढला. तेव्हां बिनतारखेच्या यादींत मंगळुरी कौलें आलीं तर ती याद त्या सालापूर्वींची असूं शकत नाहीं. चुन्याची घाणी, लोखंडी तुळई, सिमेंट यांचे उल्लेखही असेच तपासावे. कौलें बदललीं कीं खालचे वासे व रिपाही बदलाव्या लागतात, म्हणून ज्या सालीं खर्च एकाएकीं फुगलेला दिसेल त्या सालीं छपराचा प्रकारच तर बदलला नाहीं ना, हें पाहावें.

तिसरी गोष्ट मजुरीची. गवंडी, सुतार, लोहार, बेलदार व बिगारी यांची मजुरी निरनिराळी मांडलेली असेल तर त्या यादीची किंमत दुप्पट समजावी. सामान व मजुरी यांचें परस्परप्रमाण हें त्या काळच्या बाजाराचें मापच होय.

चौथी व सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी कीं, खर्च कोणाच्या वहींत व कोणत्या खातीं पडला आहे, तें पाहावें. मालकाच्या वहींत तो घरखर्चीं पडला असेल तर भार मालकाचा. भाड्याच्या जमेंतून वजा दाखविला असेल तर काम भाडेकऱ्यानें केलें व पैसा मालकानें सोसला. धनकोच्या वहींत गहाणखातीं पडला असेल तर तो पुढें मुद्दलाबरोबर मागण्याचा बेत आहे. कबुलायतींत काय करार होता हें कागद सांगतो. प्रत्यक्ष काय घडलें हें वही सांगते. या दोहोंत विरोध आला तर वहीस मान द्यावा.

४. इंग्रजी अमदानींतील व्यवस्था

१८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमांतील १०८ वें कलम भाडेपट्ट्याच्या उभयपक्षांचीं कर्तव्यें सांगतें. वेगळा करार नसेल तर पट्टेदारानें मालमत्ता मिळाली तशाच स्थितींत राखावी व परत करावी. वाजवी झीज व अनिवार शक्तीनें झालेला नाश वगळावा. ‘अनिवार शक्ति’ म्हणजे याज्ञवल्क्याचें दैव व आमचें अस्मानीच. दुरुस्ती करण्यास मालक बांधलेला असून सूचना मिळाल्यावरही वाजवी मुदतींत ती त्यानें केली नाहीं, तर पट्टेदारानें स्वतः करून तो खर्च व्याजासह भाड्यांतून वळता करावा. पट्टेदारानें भूमीस जोडलेल्या वस्तु काढून न्याव्या, मात्र जागा होती तशी करून द्यावी. हा नारदाचा गवत-लांकूड-विटांचा नियम नव्या भाषेंत पुन्हा अवतरला आहे. त्याच अधिनियमाच्या ७६ व्या कलमानें कब्जेगहाण घेणाऱ्यावरही अवश्य तेवढी दुरुस्ती करण्याचा भार घातला. पण सरकारदेणें व व्याज भागून उत्पन्नांतून जें उरेल त्यांतून होईल तेवढीच, अशी मर्यादा घातली. म्हणजे स्मृति व इंग्रजी कायदा यांत या विषयापुरतें अंतर फारसें नाहीं.

अंतर पडलें तें निराळ्याच ठिकाणीं, कराच्या आकारणींत. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमांत घराचें करपात्र मूल्य ठरवितांना वार्षिक भाड्यांतून शेंकडा दहा वजा करावे व ती वजावट दुरुस्ती आणि इतर सर्व कारणांबद्दल समजावी, असें ठरविलें. १९२२ च्या प्राप्तिकर कायद्यानें दुरुस्तीबद्दल वार्षिक मूल्याचा एक-षष्ठांश वजा धरला. पुढें १९६१ चा कायदा आला व २००१ च्या वित्त अधिनियमानें प्रत्यक्ष खर्चाचा हिशेब न मागतां शेंकडा तीस अशी ठोक वजावट केली.

हे तीन अपूर्णांक शेजारीं शेजारीं मांडले म्हणजे एक गोष्ट डोळ्यांत भरते. तिन्ही ठिकाणीं दुरुस्तीचा खर्च हा भाड्याचा अंश मानला आहे. वस्तुतः दुरुस्तीचा खर्च भाड्यावरून ठरत नाहीं. तो कौलांच्या भावावरून, गवंड्याच्या रोजावरून, घराच्या वयावरून व पावसाच्या माऱ्यावरून ठरतो. जोंपर्यंत भाडें बाजाराबरोबर वरखालीं होतें तोंपर्यंत हा अपूर्णांक ठोकळ मानानें खरा ठरतो, कारण ज्या बाजारांत मजुरी चढते त्याच बाजारांत भाडेंही चढतें. भाडें एका जागीं खिळलें कीं हा सर्व हिशेब कोलमडतो. आणि नेमकें तसेंच घडलें.

५. गोठलेलें भाडें

पहिल्या महायुद्धांत मुंबईस घरांची टंचाई पडली व भाडीं भडकलीं. इंग्लंडांत १९१५ सालीं भाडेबंदी झाली होती, त्याच धर्तीवर १९१८ सालीं मुंबई सरकारनें कायदा करून १ जानेवारी १९१६ रोजीं जें भाडें होतें तें प्रमाण मानलें. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळीं १९३९ व १९४४ सालीं पुन्हा निर्बंध आले, आणि स्वातंत्र्यानंतर १३ फेब्रुवारी १९४८ पासून १९४७ चा मुंबई भाडेनियंत्रण कायदा अंमलांत आला. त्यानें १ सप्टेंबर १९४० चें भाडें प्रमाण धरलें. भाडेकऱ्यास रस्त्यावर न काढण्याचा हेतु सर्वथा स्तुत्य होता. गिरणीकामगार, कारकून व शिक्षक यांस त्यानें मोठा आधार दिला. परंतु दुरुस्तीचें कर्तव्य मालकावर व उत्पन्न १९४० सालच्या आंकड्यावर, अशी गांठ त्या कायद्यानें घातली.

तिचा परिणाम काय होतो, हें एका कल्पित उदाहरणानें दाखवितों. समजा, एका चाळींत वीस खोल्या असून प्रत्येकीचें भाडें दरमहा दहा रुपये आहे. वर्षाचें उत्पन्न चोवीसशें रुपये. त्याचा एक-षष्ठांश, म्हणजे चारशें रुपये, दुरुस्तीकडे लावले. गवंड्याचा रोज एक रुपया असेल तर या रकमेंत चारशें दिवसांचें काम होतें. चाळ सुस्थितींत राहते व मालकासही नफा उरतो. आतां तेंच भाडें कायम राहून गवंड्याचा रोज आठशें रुपये झाला अशी कल्पना करा. त्याच चारशें रुपयांत अर्ध्या दिवसाचें काम होईल. सगळें चोवीसशें रुपये ओतले तरी तीनच दिवसांचें. चुना व लांकूड यांची गोष्टच नको. येथें मालक सज्जन कीं दुर्जन हा प्रश्न उरत नाहीं. मालकाची इच्छा नसते हें खरें असेल, पण इच्छा असती तरी झरा आटलेला आहे. भाडेकऱ्याच्या बाजूनेंही पाहावें. त्यानें खोलींत येतांना पागडी म्हणून मोठी रक्कम मोजलेली असते. ती १९४७ च्या कायद्यानें निषिद्ध असल्यामुळें पावतीवर चढत नसे, आणि वहींत न चढलेला पैसा भिंतीस लागत नाहीं. मालकाच्या हिशेबीं घर तोट्याचें, भाडेकऱ्याच्या हिशेबीं पैसा एकदां दिलेला. दोघेही आपआपल्या परी खरे, आणि मध्यें छप्पर गळत राहिलें.

सर्वोच्च न्यायालयानें मालपे विश्वनाथ आचार्य यांच्या खटल्यांत १९ डिसेंबर १९९७ रोजीं निर्णय देतांना प्रमाण भाडें गोठविणारीं कलमें काळाच्या ओघांत अवाजवी झालीं आहेत असें म्हटलें. तथापि कायद्याची मुदत ३१ मार्च १९९८ रोजीं संपणार असल्यानें तीं रद्द केलीं नाहींत. मागाहून १९९९ चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम होऊन तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यानें पागडी कायदेशीर केली व भाड्यांत दरसाल शेंकडा चार वाढीची मुभा दिली. वरील उदाहरणांतील दहा रुपये या दरानें पंचवीस वर्षांत तिप्पटही होत नाहींत. दुरुस्तीविषयीं त्याचें १४ वें कलम असें आहे : मालकानें घर राहण्याजोगें राखावें, पंधरा दिवसांहून कमी नाहीं अशी मुदत देऊन सूचना केल्यावरही त्यानें हयगय केली, तर भाडेकऱ्यांनीं एकट्यानें किंवा मिळून दुरुस्ती करून खर्च भाड्यांतून वळता करावा, मात्र कोणत्याही वर्षीं ही वजावट त्या वर्षाच्या भाड्याच्या चतुर्थांशाहून अधिक नसावी. येथेंही पुन्हा भाड्याचाच अंश. दहा रुपये भाड्याच्या खोलीस वर्षाकाठीं तीस रुपये वळते करण्याचा हक्क मिळाला; त्यांत काय होणार तें वाचकांनींच ठरवावें.

पुण्यांतील वाड्यांचीही कथा याच कायद्याखालीं घडली. चौकाच्या एका अंगास मालकाचें बिऱ्हाड, उरलेल्या सोप्यांत व माडीवर भाडेकरी, अशी जेथें मांडणी होती, तेथें लांकडी तुळया व मातीच्या भिंती दरसालची निगा मागत राहिल्या आणि भाडें जुन्या आंकड्यावर थांबलें. १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुरानें नदीकांठच्या वाड्यांस जो तडाखा दिला तो अस्मानीच म्हणावा. पण त्याखेरीज जे वाडे हळूहळू बसले, त्यांस अस्मानी-सुलतानीचा अपवाद लागू करतां येत नाहीं.

६. उपकर व मंडळ

मालकाकडून होत नाहीं व भाडेकऱ्याच्या आवाक्यांत नाहीं, असें दिसल्यावर सरकारनें तिसरी वाट काढली. १९६९ च्या कायद्यानें मुंबई बेटांतील जुन्या भाडोत्री इमारतींवर उपकर बसवून त्यांच्या दुरुस्तीसाठीं व पुनर्रचनेसाठीं स्वतंत्र मंडळ स्थापिलें. पुढें १९७६ च्या अधिनियमान्वयें तें म्हाडाच्या छत्राखालीं आलें. अशा इमारतींची मूळ संख्या १९,६४२ होती. १ सप्टेंबर १९४० पूर्वींच्या, तेथून १९५० अखेरपर्यंतच्या, व नंतर ३० सप्टेंबर १९६९ पर्यंतच्या, असे त्यांचे तीन वर्ग केले. मंडळ चौरस मीटरमागें ठराविक मर्यादेपर्यंत खर्च करतें. त्यापलीकडचा भार राहणारांनीं उचलावा, नाहीं तर इमारत पाडून नवी बांधावी, असा क्रम आहे. सामाईक घरांत साहाय्य न करणारास कौटिल्य दंड सांगत होता. येथें दंडाऐवजीं साहाय्यच कराच्या रूपानें घेतलें आहे. पावसाळ्याच्या तोंडावर मंडळ इमारतींची पाहणी करून अतिधोकादायक इमारतींची यादी प्रसिद्ध करतें. शाकारणीचा जुना महिना आतां याद्यांचा महिना झाला आहे.

या योजनेनें पुष्कळ घरें वांचलीं हें मान्य करून असें म्हणावें लागतें कीं, रोग औषधाच्या पुढें धांवत राहिला. ३१ ऑगस्ट २०१७ रोजीं भेंडीबाजारांतील हुसैनी इमारत कोसळून तीसांहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं. जमाखर्चांत न मांडलेल्या शाकारण्यांची बेरीज कधीं कधीं अशी एकाच दिवशीं होते.

स्वामित्वाचा प्रश्नही पुन्हा उभा राहिला. १९८६ सालीं म्हाडा अधिनियमांत एक प्रकरण घालून, शेंकडा सत्तर रहिवाशांनीं सहकारी संस्था केल्यास मासिक भाड्याच्या शंभरपट मोबदला देऊन इमारत संपादन करण्याची सोय केली. आमच्या उदाहरणांतील खोलीमागें हा मोबदला हजार रुपये होतो. मालकांच्या संघानें त्यास आव्हान दिलें. त्या वादांतून निघालेल्या घटनात्मक प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठानें ५ नोव्हेंबर २०२४ रोजीं बहुमतानें असा निर्णय दिला कीं, प्रत्येक खासगी मालमत्ता ही समाजाची भौतिक साधनसंपत्ति समजतां येणार नाहीं. दुरुस्ती न करणाऱ्याचें स्वामित्व जातें काय, हाच प्रश्न अर्थशास्त्रांत बंधाऱ्यापुरता विचारला होता. परंतु तेथें ‘आपत्तीवांचून’ हा शब्द आहे. ज्याचें उत्पन्नच कायद्यानें गोठविलें आहे त्याची हयगय आपत्तींत मोडते कीं नाहीं, याचा विचार त्या शब्दाशिवाय पुरा होत नाहीं.

७. निष्कर्ष व संग्राहकांस विनंति

एवढ्या विवेचनावरून तीन गोष्टी सिद्ध होतात. पहिली, उपभोगणाऱ्यानें नित्याची निगा राखावी व दैवराजकृत नाश त्याच्यावर लादूं नये, या बाबतींत शास्त्र, कागद व १८८२ चा कायदा एकमुखानें बोलतात. दुसरी, कोणावरही दुरुस्तीचें कर्तव्य घालावयाचें तर त्याच्या हातीं त्या प्रमाणांत उत्पन्नही ठेवावें लागतें. कौटिल्यानें दंडाबरोबर करमाफी ठेविली ती याचसाठीं. तिसरी, दुरुस्तीचा खर्च भाड्याच्या अपूर्णांकानें मोजणें हें भाडें खुलें असेल तोंवरच खरें. भाडें बांधलें तर खर्च सामान व मजुरी यांवरूनच मोजला पाहिजे.

या तिसऱ्या गोष्टीचा पुरावा सरकारी दफ्तरांत फारसा मिळावयाचा नाहीं. तो घरमालकांच्या चोपड्यांत, भाडेपावत्यांच्या बुकांत व गवंड्यांच्या यादींत आहे. जुना वाडा किंवा चाळ पाडली जाते तेव्हां नक्षीदार खांब व तुळया विकत घेणारे पुष्कळ येतात; चोपड्या मात्र कचऱ्यांत जातात. आमची संग्राहकांस विनंति आहे कीं, त्यांनीं असे कागद मिळतील तेथून राखावे. निदान घराची पेठ अथवा वस्ती, खणांची किंवा खोल्यांची संख्या, वर्षाचें भाडें, दुरुस्तीची तारीख, सामान व मजुरी यांचे निरनिराळे आंकडे आणि खर्च कोणत्या खातीं पडला, एवढें टिपून ठेवावें. एका घराची सलग पन्नास वर्षांची अशी नोंद हातीं आली तर त्या घराचें आयुष्य कोणत्या सालापासून कमी होऊं लागलें, हें बोट ठेवून सांगतां येईल. पुढें कायदा करणारांस व घर राखणारांस तिचा जितका उपयोग होईल, तितका एखाद्या सनदेचा क्वचितच होईल.